किंमत भागिले बीएचपी (इंजिनाची ताकद): गाडी घेताना हा हिशोब लावावा का?

लावा की, पण ऑन-रोड किमतीवर, म्हणजे कर, विमा, नोंदणी धरून हातात पडणाऱ्या किमतीवर. शोरूमच्या किमतीवर केलेला हिशोब फसवा निघतो.

समजा एक गाडी ९ लाखांची, ९० बीएचपीची; दुसरी १२ लाखांची, १२० बीएचपीची. दोन्हीकडे एक बीएचपी १०,००० रुपयांनाच पडला. आता वजन बघा. पहिली ९०० किलोची असेल तर टनामागे १०० बीएचपी, दुसरी १३०० किलोची असेल तर जेमतेम ९२. म्हणजे ३ लाख जास्त देऊन रिकामी गाडीसुद्धा वजनाच्या मानाने उलट कमी ताकदीचीच!

तरी माझं मत टॉर्कला, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराला. बीएचपीचा कमाल आकडा साध्या पेट्रोल इंजिनात साधारण ६००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो, आणि तिथवर रोज कोण ताणतं? टर्बो (जास्त हवा दाबून भरणाऱ्या) इंजिनाचा हा जोर २००० च्या आसपासच हाताशी येतो. सोलापुरातून पाच माणसं, सामान आणि मे महिन्यातला एसी घेऊन तुळजापूरचा घाट चढताना हा फरक लगेच कळतो. सात रस्ता ते नवी पेठ एवढंच फिरणं असेल तर मात्र ८० बीएचपी पुष्कळ झाले.

टेस्ट ड्राइव्हला घरच्यांना बसवूनच न्या, सेल्समन कुरकुरला तरी.