बेटांवरचा दुष्काळ अभ्यासताना

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

बेटांवरच्या दुष्काळावर पीएचडी करायचं ठरवलंस, याचा फार आनंद झाला. चहूकडे पाणी असताना दुष्काळ कसला, असं घरी विचारतात म्हणतेस. प्रश्न गैर नाही. अभ्यास तिथूनच सुरू कर.

2011 मध्ये प्रशांत महासागरातल्या तुवालू या चिमुकल्या बेटांच्या देशात पाण्यावाचून आणीबाणी जाहीर झाली. ला निना, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा थंड होणं, म्हटलं की आपल्याकडे चांगल्या पावसाची आशा लागते. तिकडे त्याच ला निनात पावसानं दडी मारली. तुवालूच्या राजधानीत, फुनाफुटीत, नदी नाही, विहिरीचं पाणी पिण्याजोगं नाही. छपरावरून पन्हळीनं टाकीत उतरेल तेवढंच आपलं. 100 चौरस मीटर पत्र्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर फार तर 1000 लिटर. शेवटी घरामागे दिवसाला दोन बादल्या पाणी मिळू लागलं. न्यूझीलंडहून खारं पाणी गोडं करणारी यंत्रं विमानानं आणावी लागली. म्हणून दुष्काळाचा निर्देशांक काढशील तेव्हा शेजारी टाकीचा हिशोबही मांड. महिन्याची सरासरी ठीक दिसते आणि टाकी मात्र तिसऱ्याच आठवड्यात तळ गाठते.

जागतिक हवामानाच्या संगणकी मॉडेलवर डोळे मिटून विसंबू नकोस. ते पृथ्वीचे चौकोनी तुकडे पाडतं; त्यातली एकेक चौकट साधारण 100 किलोमीटरची. एवढुशी बेटं तिच्यात समुद्र म्हणूनच जमा होतात, आणि मग बाष्पीभवनाचा आकडाही समुद्राचाच निघतो.

दिमित्रिस हेरेरा आणि टोबी ऑल्ट या हवामान संशोधकांचं कॅरिबियन बेटांच्या दुष्काळावरचं काम आधी वाच. 2013 ते 2016 च्या दुष्काळात पाऊस कमी पडला हे तर खरंच, पण तापलेल्या हवेनं जमिनीतली ओलही जास्त ओढून घेतली. 2018 च्या शोधनिबंधात दुष्काळाच्या तीव्रतेत मानवनिर्मित तापमानवाढीचा वाटा साधारण 15 ते 17 टक्के निघाला. त्यांनी तो फुगवला नाही, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. पुढे कुणाला तुझ्याकडून सगळा दोष तापमानवाढीवर टाकून हवा असेल, कुणाला तिचं नावही नको असेल. जेवढा वाटा निघेल तेवढाच सांग, पण ठामपणे सांग.

आणि पर्जन्यमापकाच्या नोंदी स्वतः तपास. कोरा रकाना म्हणजे शून्य पाऊस नव्हे. संगणकात भरताना त्या दोहोंची गल्लत झाली की नसलेला दुष्काळ कागदावर उभा राहतो. मूळ वह्यांचे फोटो मिळतात का, ते तिथल्या हवामान केंद्राला आत्ताच विचार; उत्तर यायला महिने लागतात.

पहिल्या प्रकरणाचा मसुदा झाला की पाठव. लगेच वाचेन.