मठ आधी की बाग आधी?

प्रश्न : जूनमध्ये आईला घेऊन मुलीकडे इंग्लंडात लीड्सला जाते आहे. तिथून एक दिवस फाउंटन्स ॲबीला जायचा बेत आहे. मुलगी म्हणते, पडका मठ बघू आणि परतू. शेजारच्या स्टडली रॉयल बागेत नुसतं पाणी आणि हिरवळ आहे. आईचे गुडघे दुखतात. बाग वगळावी का?

उत्तर : मुळीच नाही. उलट सुरुवातच बागेपासून करा.

बहुतेक लोक माहिती केंद्राकडून थेट मठात उतरतात आणि बागेपर्यंत येतात तेव्हा दमलेले असतात. तुम्ही हरणांच्या कुरणातून तळ्याकडच्या दाराने आत शिरा आणि स्केल नदीच्या काठाकाठाने मठाकडे या. ही बाग आखली जॉन एझलबीने. हा ब्रिटनचा अर्थमंत्री. 1720 मध्ये साउथ सी कंपनीच्या शेअर्सच्या भावाचा फुगा फुटला, त्यात त्याचे हात बरबटलेले निघाले आणि पुढच्या वर्षी त्याला संसदेतून हाकललं. मग गडी गावी येऊन नदीला वळण लावत बसला! फुलांचे ताटवे शोधायला जाऊ नका. सरळसोट कालवा, गोल तळं, त्याच्या दोन बाजूंना चंद्रकोरीच्या आकाराची तळी, पाण्यात उतरलेलं छोट्या देवळाचं प्रतिबिंब आणि मागे गर्द झाडी. मला तर मठापेक्षा हेच जास्त आवडतं.

गंमत म्हणजे मठ जॉनच्या मालकीचा नव्हताच. 1132 मध्ये स्थापन झालेला, लोकरीच्या व्यापारावर गब्बर झालेला आणि 1539 मध्ये इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने बंद पाडलेला हा मठ त्याच्या मुलाने, विल्यमने, 1767 मध्ये विकत घेतला आणि बागेच्या टोकाचा देखावा करून टाकला.

आईंना नदीकाठची वाट जमेल, ती बरीचशी सपाट आहे. अंधाऱ्या बोगद्यातून वर जाणारा चढ त्यांना नको; तेवढा तुम्ही एकट्या चढून या. वर 'ॲन बोलिन्स सीट' आहे (ॲन बोलिन म्हणजे आठव्या हेन्रीची राणी, त्याने तिचं मुंडकं उडवलं. तिथे म्हणे मुंडकं नसलेला पुतळा होता, म्हणून हे नाव. इंग्रजांचा विनोद!). तिथून वळणाऱ्या नदीच्या टोकाला मठ अवचित दिसतो. मठातलं कमानींचं लांबच लांब कोठार मात्र आईंना जरूर दाखवा.

तिकीट दोन्हींचं मिळून एकच. जवळचं गाव रिपन, पण तिथे रेल्वे स्टेशन नाही. लीड्सहून 36 नंबरची बस हॅरोगेटमार्गे रिपनला जाते. पुढे टॅक्सी करा आणि ड्रायव्हरला 'स्टडलीच्या तळ्याकडे' असं बजावून सांगा, नाहीतर तो माहिती केंद्रापाशीच सोडेल.