समुद्र नाही म्हणून गरिबी?

प्रश्न: ताई, क्लासमध्ये सांगितलं की बोलिव्हियाला समुद्र नाही म्हणून तो मागे पडला. पण समुद्र तर स्वित्झर्लंडलाही नाही, आणि तो गडगंज! मग भूगोल हे नुसतं निमित्तच ना?

उत्तर: अरे निमित्त नाही, पण समुद्र आहे की नाही एवढंच बघून भागत नाही. स्वित्झर्लंडच्या बाझलला ऱ्हाइन नदीवर बंदर आहे, तिथून बार्ज (मालवाहू सपाट बोट) थेट नेदरलँड्सच्या रॉटरडॅम या समुद्री बंदराला जाते, आणि शेजारी कोण तर जर्मनी, फ्रान्स, इटली, म्हणजे गिऱ्हाईक दारातच बसलंय.

बोलिव्हियाचं बघ. ला पाझ शहर साधारण ३,६०० मीटरवर, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच, आणि चिलीच्या आरिका बंदरातून माल आणायचा तर ट्रकने समुद्रसपाटीपासून चढत चढत साडेचार हजार मीटरच्या वरची सीमा ओलांडायची न मग परत खाली उतरायचं, वर रस्ता आणि बंदर दोन्ही दुसऱ्याच्या देशातलं. डिझेल, टायर, कस्टमची लाइन, सगळं मालाच्या भावात चढतं. आता गंमत बघ, याच देशात पोतोसीच्या खाणींची चांदी होती, लामा आणि खेचरांच्या पाठीवरून किनाऱ्यापर्यंत जायची आणि तरी परवडायची, कारण वजन कमी न मोल जास्त. सोयाबीनचं तसं नाही ना, तिथे भाडंच नफा खातं. बोत्स्वानालाही समुद्र नाही, पण १९६६ ला स्वतंत्र झाला न पुढच्याच वर्षी हिरे सापडले, हिऱ्यांना कशाला लागतंय बंदर, विमानाने जातात. (अर्थात तो पैसा त्यांनी उधळला नाही, हेही आहेच.)

आणि बोलिव्हियाला आधी किनारा होता बरं का! १८७८ मध्ये त्यांनी चिलीच्या नायट्रेट कंपनीवर क्विंटलमागे १० सेंटाव्हो (तिथली छोटी नाणी) कर लावला, त्यावरून १८७९ ला युद्ध पेटलं न किनारा गेला. मला विचारशील तर समुद्रापेक्षा मोठा फटका जमिनीखालचा, कारण चुकिकामाता या प्रचंड खाणीचं तांबं त्याच गेलेल्या पट्ट्यात होतं. १९०४ च्या तहात चिलीने माल न्यायची मोकळीक दिली, रेल्वेही बांधून दिली, ती १९१३ ला सुरू झाली. तरी सगळं खापर समुद्र नसण्यावर फोडू नकोस, तिथे लष्करी उठाव इतके झालेत की मोजणारा दमेल.

२०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही सांगितलं की समुद्राबद्दल बोलणी करायला चिली बांधील नाही. बोलिव्हियाने नौदल मात्र मोडलेलं नाही, तितिकाका सरोवरात त्यांच्या बोटी अजून फिरतात.