मोठ्या ड्रमात काय लावू?

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, समोरची गच्ची आम्हालाच वापरायला आहे. पाणीटंचाईत घेतलेला २०० लिटरचा निळा ड्रम आता नुसताच पडून आहे. सासूबाई म्हणतात हापूस लाव, मुलीला स्ट्रॉबेरी हवीय, आणि मला वाटतं लिंबू, कढीपत्ता, टोमॅटो, मिरची सगळं एकातच बसेल. ऊन दहा ते चार कडक असतं. नक्की काय लावू?

उत्तर : ताई, आधी ड्रमचं बोलू मग झाडाचं. अख्खा ड्रम ओल्या मातीने भरलात तर तीनशे किलोच्या आसपास जाईल, गच्चीच्या मधोमध एवढं वजन नकोच, आणि खालच्यांकडे ओल उतरली की सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिला विषय तुमचाच. म्हणून तो मधोमध आडवा कापून घ्या. वरून बंद, बारीक बुचांचा ड्रम असेल तर दोन्ही अर्ध्यांना बूड मिळतं, प्रत्येकी साधारण दीड फूट खोल, झाडाला एवढं बास. बोटाएवढी सात-आठ भोकं पाडा, पण सगळी बुडाला नको, तीन-चार बाजूला, बुडापासून दोन बोटं वर, कारण आपल्याकडचा जुलैचा पाऊस आणि तळाची भोकं मातीने बुजली की मुळं सडलीच म्हणून समजा. विटांवर ठेवा, कठड्याच्या बाजूला. आत निव्वळ लाल माती भरू नका, माती, कोकोपीट आणि जुनं शेणखत सारखं घ्या, वर दोन मुठी निंबोळी पेंड.

आता हापूस. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा पण तो राहू दे, त्याचा पसारा मोठा, आणि जमिनीत वाढलेला हापूससुद्धा बरेचदा एक वर्षाआड फळतो. आंबाच हवा असा हट्ट असेल तर आम्रपालीचं कलम आणा, दशहरी आणि नीलमच्या संकरातली ही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची जात, झाड बुटकं राहतं आणि दरवर्षी फळतं. स्ट्रॉबेरीची मुळं उथळ, तिला एवढा खोल ड्रम देणं म्हणजे जागा फुकट, आणि डोंबिवली म्हणजे काही महाबळेश्वर नाही, थंडीत छोट्या कुंडीत लावून मुलीची हौस भागवा.

माझं मत विचाराल तर एका अर्ध्यात फक्त लिंबू. तुमच्याकडे सहा तास ऊन आहे, ते सगळ्यांच्या नशिबात नसतं, आणि लिंबू घरात रोज लागतं. रोप घेताना नर्सरीत गुटी कलम मागा, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप, बियांचं रोप चार-पाच वर्षं ताटकळत ठेवतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई शरबती मिळाली तर उत्तम. त्याच्या बुडाशी टोमॅटो-मिरची नको, दोन्ही खादाड, आणि दर सीझनला ती उपटताना लिंबाची वरवरची मुळं तुटतात. कढीपत्ताही शेजारी नको, दोघं एकाच कुळातले, एकावरची अळी दुसऱ्यावर जाते.

ती अळी ओळखून ठेवा. पावसाळ्यात कोवळ्या पानावर पक्ष्याने घाण केल्यासारखं काळंपांढरं काहीतरी दिसेल, तीच ती, मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचलं की डोक्यामागून केशरी शिंगं काढते, वासही सोडते. छोट्या झाडाची पालवी बघता बघता संपवते, त्यामुळे रोज सकाळी चहाचा कप घेऊन पानं उलटून बघा आणि हाताने वेचा, औषध लागत नाही.

दुसरं म्हणजे ताण. झाड दोन-तीन वर्षांचं झालं, नुसतं पानांनी भरलंय आणि फूल नाही असं झालं की थंडीत पाणी तोडायचं, पानं जरा मलूल पडली की वरची माती हलकी मोकळी करून शेणखत द्यायचं आणि मग भरपूर पाणी. शेतकरी बहार धरताना, म्हणजे झाडाला एकदम फुलं आणताना, हेच करतात. पण गच्चीवरचा ड्रम शेतापेक्षा लवकर सुकतो, म्हणून ताण देतोय म्हणून गावाला निघून जाऊ नका.

उरलेल्या अर्ध्यात टोमॅटो-मिरची करा की खुशाल.

प्रश्न : मोठी सिमेंटची कुंडी आहे पण बाल्कनीत सकाळचं जेमतेम दोन तास ऊन. फुलं येतील का?

उत्तर : गुलाब-मोगऱ्याचा नाद सोडा. अळू लावा, वडीचं, ओल आणि सावली दोन्ही त्याला चालते. कडेने पुदिना नको, तो पसरून कुंडी खातो, त्याला वेगळा डबा द्या. मे-जूनमध्ये घरातलंच कोंब आलेलं आलं पुरा, थंडीत वरची पानं पिवळी पडून वाळली की उकरा. आणि सिमेंटची कुंडी जिथे ठेवायची तिथेच भरा, भरल्यावर सरकवायला गेलात तर कंबर धरून बसाल.