पाश्चिमात्य कोण, आणि मध्यपूर्व कुणाची?

नाशिकच्या सिडकोतल्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या शाळेत वादविवाद स्पर्धेला विषय दिलाय 'पाश्चिमात्य राष्ट्रांचे मध्यपूर्वेतील धोरण'. त्या विचारतात, 'पाश्चिमात्य' बरोबर की 'पाश्चात्य'? आणि 'मध्यपूर्व' चालेल का?

ताई, चार शब्दांच्या विषयात दोन शब्द घसरलेत. बरं, तुम्ही विचारलंत तरी. परवा गंगापूर रोडवर एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते इराणपासून इराकपर्यंत सगळ्यांची झाडाझडती घेत होते, आणि तासाभरात 'पाश्चिमात्य' इतक्यांदा म्हणाले की मी मोजायचं सोडून दिलं. मुद्दे बरे होते. १९५३ मध्ये इराणचे पंतप्रधान मोसादेग यांचं निवडून आलेलं सरकार अमेरिका-ब्रिटनच्या हेरखात्यांनी पाडलं, २००३ मध्ये ज्या संहारक शस्त्रांसाठी इराकवर चाल केली ती सापडलीच नाहीत, हे सगळं खरंच. पण शब्द मात्र कानाला खडा लागावा तसा.

व्याकरण एका दमात सांगतो. पाणिनीचं सूत्र आहे 'दक्षिणापश्चात्पुरसस्त्यक्'. दक्षिणा, पश्चात् आणि पुरस् या तीन अव्ययांना 'त्य' लागतो. म्हणून दाक्षिणात्य, पाश्चात्त्य, पौरस्त्य. 'दाक्षिणात्य'मधला 'आ' हा 'दक्षिणा'चा स्वतःचा आहे. तो उचलून 'पश्चिम'ला चिकटवला आणि 'पाश्चिमात्य' झालं, 'पूर्व'ला चिकटवला आणि 'पौर्वात्य' झालं. दोन्ही उसन्या शेपटीची. नीट पाहाल तर 'पाश्चात्त्य'मध्ये त दोनदा आहे, एक पश्चात्-चा, एक प्रत्ययाचा. एक त गाळला तर मी भांडणार नाही, मात्र 'श्चि' घुसवला तर भांडेन. 'रूढ झालंय, आता सोडा' म्हणणारे पंडित मला भेटतात. हेच पंडित 'चालू'ला 'चालु' लिहिलं की पोराचा अर्धा गुण कापतात. तिथे रूढी कुठे जाते?

आता गंमत. पश्चात् म्हणजे मागे. आपले पूर्वज उगवतीला तोंड करून उभे राहिले, समोर ती पूर्व, पाठीमागे ती पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण. अरबांनीही तेच केलं. यमन म्हणजे उजवीकडचा, शाम (आजचा सीरिया) म्हणजे डावीकडचा. म्हणजे दिशा ही आधी अंगाची गोष्ट आहे, नकाशाची मागाहून. 'पाश्चात्त्य' म्हणजे 'आपल्या पाठीमागचा'.

पण ही झाली संस्कृतची तऱ्हा. आपल्या मराठीचा स्वतःचा शब्द कोणता? खेड्यात आजही पश्चिमेचा बांध म्हणत नाहीत. उगवतीचा बांध, मावळतीचा बांध. आणि या मावळतीशेजारी मला नेहमी मावळ दिसतो. पुण्याच्या पश्चिमेचा, सह्याद्रीला टेकलेला, सूर्य जिकडे मावळतो तो मुलूख. तिथले ते मावळे. म्हणजे अक्षरशः अर्थ लावला तर मावळे म्हणजे पाश्चात्त्य! माझे एक स्नेही याला ओढाताण म्हणतात. त्यांना मी अरबी दाखवतो. 'गरब' धातूचा अर्थ मावळणे, त्यावरून मग्रिब, म्हणजे मावळतीचा मुलूख. जुन्या नाशकात सूर्य बुडाला की मग्रिबची नमाज होते, तोच शब्द. मोरोक्को हा देश स्वतःला अरबीत अल्-मग्रिब म्हणवतो. लॅटिनमध्येही पश्चिमेचा शब्द 'खाली पडणे, बुडणे' यावरूनच आला. दोन भाषांनी मावळत्या सूर्याकडे बोट दाखवून नाव दिलं, आणि तिसऱ्या मराठीने तेच केलं तर ती ओढाताण? हाच मोरोक्को लंडनच्याही पश्चिमेला आहे, पण त्याला पाश्चात्त्य म्हणताना कुणाला ऐकलंय? उलट आपल्या आग्नेयेला असलेला ऑस्ट्रेलिया बिनबोभाट पाश्चात्त्य राष्ट्रांत मोडतो. तुर्कस्तान १९५२ पासून नाटोत आहे आणि बातम्यांत मध्यपूर्वेतही. तेव्हा राजकारणातला 'पाश्चात्त्य' हा दिशेचा शब्द उरलेला नाही, कंपूचा शब्द आहे.

माझी सर्वांत आवडती साक्ष मात्र आपल्या पांडवलेणीत आहे. सतरा क्रमांकाच्या लेण्यात देणगीदाराचा लेख आहे. धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, दात्तामित्री गावचा, 'योणक', म्हणजे यवन, ग्रीक वंशाचा म्हणा. आज त्याला आपण पहिल्या फटक्यात पाश्चात्त्य म्हटलं असतं. लेख काय म्हणतो? 'ओतराह'. उत्तरेकडचा! नाशकात उभं राहून पाहणाऱ्याला तो उत्तरेच्या वाटेने आला, बस्स. दात्तामित्री कुठली यावर विद्वान हातघाईवर येतात. कुणी ती कंदाहारच्या बाजूला शोधतात. मी सिंधकडच्या सौवीर या प्राचीन देशाच्या बाजूचा, कारण पाणिनीच्या टीकाकारांनी हे नाव सौवीरांच्या नगरांत उदाहरण म्हणून दिलंय. कंदाहारवाल्यांनी आधी त्याचं उत्तर द्यावं.

हां, मध्यपूर्व राहिलीच. नाशकाहून इराण, इराक, सौदी, पॅलेस्टाईन सगळे मावळतीच्या अंगाला, थोडे वायव्येला. मग पूर्व कुणाची? लंडनची. हा शब्द गाजवला आल्फ्रेड महॅन या अमेरिकी आरमारी अधिकाऱ्याने, १९०२ मध्ये लंडनच्या एका मासिकात. विषय होता पर्शियाचं आखात, आणि काळजी ही की हिंदुस्थानच्या वाटेवर रशिया येऊन बसू नये. मग 'टाइम्स'च्या व्हॅलेंटाईन चिरोलने तो उचलला, त्यावर लेखमाला लिहिली आणि १९०३ मध्ये पुस्तक काढलं. त्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच हिंदुस्थानचं संरक्षण आहे. चिरोल म्हटल्यावर कान टवकारले ना? हाच तो टिळकांना 'असंतोषाचे जनक' म्हणणारा, ज्याच्यावर लोकमान्यांनी विलायतेत बदनामीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये हरले. तर टिळकांचा हा प्रतिवादी ज्याचा प्रचारक, आणि जो आपल्यावरचा ताबा टिकवायच्या हिशेबातून रुळला, तो शब्द घेऊन आपण पाश्चात्त्यांच्या धोरणावर टीका करतो. त्या व्याख्यात्यांना हे सांगायला मी मंचाकडे निघालो होतो, तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं.

'पश्चिम आशिया' म्हणा. आपल्या परराष्ट्र मंत्रालयातही तोच शब्द आहे. अडचण एकच. मध्यपूर्वेत इजिप्त धरतात, पश्चिम आशियात तो बसत नाही, म्हणून मंत्रालय त्याला 'उत्तर आफ्रिका' जोडतं. एखाद्या चुणचुणीत पोराने इजिप्तमधल्या सुएझ कालव्याचा, १९५६ चा मुद्दा काढला तर परीक्षकांनी 'विषयाबाहेर' म्हणून घंटा वाजवू नये. आणि 'आशिया' हा तरी कुठे आपला, ग्रीकांचाच आहे, असं कुणी म्हणालं तर त्या पोराला पहिला नंबर द्या.

फळ्यावर लिहा: 'पाश्चात्त्य राष्ट्रांचे पश्चिम आशियातील धोरण'. स्पर्धा झाली की मुलांना पांडवलेणीवर न्या. पायऱ्या चढून दम लागतो, म्हणून सकाळी लवकर निघा, आणि सतरा क्रमांकाचं लेणं पाहिल्याशिवाय खाली उतरू नका.