फ्लॅट मंडळीला द्यायचा आहे, बायको तयार नाही

प्रश्न थोडक्यात असा. पत्र लिहिणारे गृहस्थ 41 वर्षांचे, मूळ निफाड तालुक्यातले, अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. दोन वर्षांपासून ते प्रार्थनासभेला जातात, आता बाप्तिस्मा घ्यायचं ठरलंय. 'अर्धं समर्पण देवाला चालत नाही' म्हणून नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जायचं आणि पाथर्डी फाट्याचा टू बीएचके मंडळीला, म्हणजे चर्चला, बक्षीस द्यायचा. बायकोचा विरोध आहे. मुलगी नऊ वर्षांची. वडील म्हणतात, 'बेदखल करतो, पेपरात नोटीस देतो. नाहीतर मुकाट्याने हक्कसोड लिहून दे.' गृहस्थ विचारतात, सगळं सोडायचंच आहे तर दोन्ही कागदांवर सह्या करून मोकळं व्हावं का?

उत्तर: नाही. दोन्हीपैकी एकावरही नाही, निदान आत्ता तरी.

बाप्तिस्मा घ्यावा की नाही, हा माझा प्रांत नाही. तो हक्क तुम्हाला घटनेच्या कलम 25 ने दिलाय. फक्त तारीख ठरवण्याआधी धर्मांतराबाबत त्या वेळी राज्यात कोणता कायदा लागू आहे ते वकिलाकडून खात्री करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या माहितीवर जाऊ नका.

आधी वडिलांचं. बेदखलीच्या नोटिशीने वडिलोपार्जित जमिनीतला वाटा जात नाही. पेपरवाल्याला जाहिरातीचे पैसे मिळतात, एवढाच तिचा उपयोग. धर्म बदलला म्हणून तुमचा स्वतःचा वारसाहक्कही बुडत नाही; हिंदू उत्तराधिकार कायद्यात तशी अपात्रता नाही. अपात्रता आहे ती कलम 26 मध्ये, आणि ती धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना. हिंदू नातेवाइकाच्या मृत्यूच्या वेळी ती मुलं हिंदू नसतील, तर त्यांना त्याच्या वारशात वाटा नाही. तुमची मुलगी आधी जन्मलेली, तिला ते लागू नाही. मात्र धर्मांतराने तुम्ही एकत्र कुटुंबातून विभक्त झालात असं कायदा मानतो, आणि तुमचा वाटा त्या दिवशीच्या हिशेबाने ठरतो. म्हणून बाप्तिस्म्याच्या तारखेचा पुरावा जपून ठेवा आणि आजचे सातबारा, फेरफार काढून ठेवा. स्वकष्टाची जमीन आणि स्वतःचा हिस्सा वडील मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात, तिथे तुमचं काही चालणार नाही. पण हक्कसोडपत्राची गोष्ट निराळी. ते नोंदवलं की तुमचा वाटा तुम्हीच हाताने पुसलात. रागाने मागितलेला कागद भक्तीच्या भरात देऊ नका.

आता फ्लॅट. तुम्ही जोडलेला मसुदा मी दोनदा वाचला. 'लिहून घेणार' या जागी मंडळीचं नाव नाही, पास्टरांचं वैयक्तिक नाव आहे, खाली त्यांचा पॅन. त्यांच्या मनात खोट असेलच असं नाही, पुष्कळदा टायपिस्ट जुनाच नमुना चालवतो. पण या कागदाने फ्लॅट मंडळीचा होत नाही, एका माणसाचा होतो, आणि त्याच्या पश्चात त्याच्या मुलांचा. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे का, ते नाशिकच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात विचारा. नोंदणी क्रमांक मागितला म्हणून कुणी तुमच्या विश्वासावर शंका घेतली, तर तेही एक उत्तरच.

दुसरं, इंडेक्स टू वर, म्हणजे फ्लॅटच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, तुमचं आणि बायकोचं अशी दोन नावं आहेत. बायकोचा अर्धा हिस्सा तुम्ही देऊ शकत नाही. उरलेल्या तुमच्या अर्ध्यावर बँकेचा बोजा आहे, आणि बँकेच्या संमतीशिवाय हस्तांतर करणार नाही असं तुम्ही कर्जाच्या करारात लिहून दिलेलं असणार. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 128 पास्टरांनाही वाचून दाखवा: एखाद्याने आपलं होतं नव्हतं ते सगळं दान केलं, तर त्याची त्या वेळची कर्जं आणि देणीही घेणाऱ्याकडे जातात, मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत. हे ऐकून घाई बरीच ओसरते, असा माझा अनुभव आहे. आणि एकदा नोंदवलेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. आध्यात्मिक गुरूच्या दबावाखाली सही केली असा दावा लावता येतो, पण तो चालेपर्यंत मुलगी कॉलेजात गेलेली असेल.

पीएफही मंडळीच्या नावे करायचा विचार सोडा. कुटुंब असताना बाहेरच्याच्या नावाने केलेलं नॉमिनेशन वैध नसतं.

बायकोबद्दल तुम्ही पत्रात दीडच ओळ लिहिली आहे, म्हणून मी जरा जास्त लिहितो. तुमच्या बाप्तिस्म्याने लग्न मोडत नाही. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 खाली तिला घटस्फोट मागण्याचा आधार मिळतो. तिला, तुम्हाला नाही. हिंदू धर्म सोडल्यावर मुलीचे नैसर्गिक पालक म्हणूनही तुमचा हक्क राहत नाही. ताब्याचा वाद झालाच तर कोर्ट मुलीचं हित पाहील. आईच्या संमतीविना मुलीचा बाप्तिस्मा करू नका. नोकरी सोडली म्हणून पोटगी चुकत नाही. धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करून का होईना बायकामुलांना पोसावं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्येही बजावलंय.

तुम्ही येशूने श्रीमंत तरुणाला सांगितलेलं वचन लिहिलंय, 'तुझे असेल नसेल ते विकून दे'. मी ख्रिस्ती नाही, पण नाशिकच्या ख्रिस्ती वस्तीत, शरणपूर रोडला वाढलोय, पवित्र शास्त्र घरात होतं. ते वाक्य 'गोरगरिबांना दे' असं आहे. आणि देवाला अर्पण केलं म्हणून आईबापांचं देणं टाळणाऱ्यांना येशूने मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात चांगलं फैलावर घेतलंय. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचंच पाहा. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली पाच वर्षं त्यांनी काय सोसलं असेल, ते बायकोसमोर बसून बोला.

मंडळीला द्यायचंच असेल तर मृत्युपत्राचा मार्ग आहे. ते हयातीत कधीही बदलता येतं. ख्रिस्ती झाल्यावर तुम्हाला भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 लागू होईल. धर्मादाय मृत्युपत्रावरची जुनी जाचक अट, कलम 118 ची, 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. मृत्युपत्र केलंच नाही तर बायकोला एक तृतीयांश आणि मुलीला उरलेलं मिळतं.

राजीनामा थांबवा, आधी सुट्टी शिल्लक असेल ती घ्या. कर्जाचं स्टेटमेंट, इंडेक्स टू आणि सातबारा घेऊन या, बायकोला बरोबर आणा. तिने पत्रावर सही केलेली नाही, तेव्हा तिचं म्हणणं मला तिच्याच तोंडून ऐकायचंय. आणि मसुद्याच्या दुसऱ्या पानावर पेन्सिलची खूण आहे, तिथे सही करायला सांगितलं होतं ना? केली असेल तर मूळ प्रत कुणाकडे आहे ते आजच कळवा.