बोंडू रात्री का रडायचा

"मॅडम, उचललं तर सवय लागेल ना?"

गोव्यात फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी बावीस वर्षं ऐकते आहे. पूर्वी तो तान्ह्या बाळांबद्दल असायचा. अलीकडे कुत्र्याच्या पिल्लांबद्दलही येतो, आणि शब्द अगदी तेच असतात. पिल्लू दिवसभर लाडाचं, पण दिवा मालवला की रडणं सुरू. घरातले निम्मे म्हणतात, जाऊन घ्या. निम्मे म्हणतात, तीन रात्री रडू दे, चौथ्या रात्री आपोआप गप्प होईल. पिल्लाच्या झोपेसाठी म्हणून माझ्याकडे कुणी येत नाही. नवरा-बायकोत अबोला आहे किंवा मुलाचा अभ्यास बिघडला आहे, म्हणून येतात. पिल्लाचा विषय अर्ध्या तासाने निघतो.

या पावसाळ्यातलं एक घर सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. डिचोलीकडचे आई-वडील आणि अकरा वर्षांचा मुलगा. मुलगा वर्गात पेंगतो अशी शाळेतून तक्रार आली होती.

"घरात आणखी कोण असतं?" मी विचारलं.

"आता कोणी नाही," आई म्हणाली.

तो 'आता' मी मनात ठेवून दिला.

मुलाला झोपेबद्दल विचारलं, तर उत्तर वडिलांनीच दिलं. "बोंडू झोपू देत नाही. दोन महिन्यांचं पिल्लू आहे, आठवडा झाला आणून. मागच्या पडवीत ठेवतो, ग्रिल लावून. गोणपाट आहे, पाणी आहे. तरी दोन-दोन तास केकाटतो. घरात घेतला तर कायमचा डोक्यावर बसेल."

मुलगा खाली मान घालून म्हणाला, "तो आवयक सोदता."

आईला शोधतोय. घरी ते कोकणी बोलतात, माझ्याशी मराठीत बोलत होते. हे एकच वाक्य त्याच्या तोंडून घरच्या भाषेत निघालं.

आणि ते शब्दशः खरं होतं. आठवड्यापूर्वीपर्यंत बोंडू पाच भावंडांच्या ढिगात, आईच्या पोटाला चिकटून झोपत होता. त्या वयाचं पिल्लू एकटं पडलं की ओरडतं, कारण ओरडलं की आई येते. एवढ्या लहान जिवाकडे जगण्याची तेवढीच एक युक्ती असते. त्यात हट्ट नसतो, आणि डोक्यावर बसण्याचा बेत तर मुळीच नसतो.

"पण शेजाऱ्यांचा कुत्रा तीन रात्रीत गप्प झाला," वडील म्हणाले.

गप्प होतो, ते मला मान्य आहे. पण गप्प होणं वेगळं आणि निवांत होणं वेगळं. मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये आईपासून दुरावलेली, रुग्णालयात ठेवलेली लहान मुलं पाहिली. मुलं आधी आक्रोश करत, मग शांत होत. मूल रुळलं असं परिचारिकांना वाटे. प्रत्यक्षात त्याने आशा सोडलेली असे. माझं सगळं काम या एका निरीक्षणावर उभं आहे, आणि इतक्या वर्षांत ते मला कधी खोटं ठरलेलं दिसलं नाही. कुत्र्यांच्या बाबतीत म्हणाल, तर १९९८ साली बुडापेस्टच्या योझेफ टोपाल, आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ कुत्रे आणि त्यांचे मालक यांच्यावर एक प्रयोग केला. अनोळखी खोली, अनोळखी माणूस, मालक बाहेर जातो, परत येतो. लहान मुलांसाठी मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी बसवलेलीच ही रीत. कुत्र्यांचं मालकाशी वागणं पुष्कळसं लहान मुलाच्या आईशी वागण्यासारखं निघालं.

हे सगळं मी त्यांना सांगत बसले नाही. "सात दिवस काही बदलू नका," एवढंच म्हटलं. "फक्त रात्री आधी कोण उठतं ते बघा."

पुढच्या वेळी वडील एकटेच आले. छत्री निथळत होती, ती दाराबाहेर ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

"रात्री दोनला जाग आली, तर आवाज नव्हता. म्हटलं, झाला गप्प. पाणी प्यायला उठलो तर पडवीचं दार उघडं. पोरगा फरशीवर आडवा झोपलेला, उशी नाही, काही नाही. ग्रिलमधून हात आत घातलेला आणि बोंडूचं तोंड त्याच्या तळहातात. पावसाची झड येत होती, त्याची बाही भिजली होती."

"मग तुम्ही काय केलंत?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "उठवलं नाही. चादर आणून घातली आणि तिथेच बसलो. मॅडम, तो आजीजवळ झोपायचा, दोन वर्षांचा होता तेव्हापासून. शिगम्याच्या दिवसांत माझी आई गेली. आठवड्याभरात मी त्याला वेगळी खोली दिली. म्हटलं, मोठा झालास आता. रडायचा. मी दार ओढून घ्यायचो. मग गप्प झाला. मला वाटलं, सवय झाली."

पहिल्या दिवशीचा 'आता' असा उलगडला. त्या घरात दोन जिवांना एकाएकी एकटं झोपवलं होतं, आणि त्यातल्या एकालाच ओरडायची मुभा होती. पिल्लू मुलाचं मन रमावं म्हणून आणलेलं. प्रत्यक्षात पोरगाच त्याला रात्री आधार देत होता, कारण ती हाक त्याला ओळखीची होती. 'सवय लागेल का' या प्रश्नामागे बहुतेक वेळा आपणच कधीतरी दार ओढून घेतलेलं असतं, असं मला आता वाटतं. अशा वेळी सल्ला द्यायची घाई मी करत नाही. त्या दिवशीही आम्ही त्यांच्या आईबद्दलच बोललो, बोंडूबद्दल अगदी शेवटी.

त्याच संध्याकाळी वडील जुना टॉवेल घेऊन पिल्लू आणलं त्या घरी गेले. बोंडूच्या आईच्या अंगाखाली तो थोडा वेळ घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला. पिल्लाला वासाइतका ओळखीचा दुसरा आधार नाही. पुठ्ठ्याचा खोका मुलाच्या पलंगाला लागून ठेवला, म्हणजे हात खाली सोडला की पिल्लाला लागेल. वडिलांची गादी काही दिवस त्याच खोलीत आली. खोक्याला एक बाजू कापून दार केलं. आत गोणपाट, बाहेर मोकळी फरशी. आपल्याकडे पावसात ओल असते आणि वारा पडला की उकडतंही, तेव्हा ऊब हवी की गारवा, हे पिल्लालाच ठरवू द्यावं.

शेवटचं खाणं साडेआठला. गाईचं दूध बंद, कारण पुष्कळ पिल्लांना ते पचत नाही आणि मध्यरात्री पोट बिघडतं. अकराला बाहेर नेऊन आणायचं. दोन महिन्यांचं पिल्लू रात्रभर लघवी धरू शकत नाही, म्हणून अडीचचा गजर लावला. ते रडायच्या आधी आपण उठायचं, हा यातला कळीचा भाग. मग ओरडल्यावर माणूस येतं हा धडा त्याला मिळत नाही, माणूस येतंच हा मिळतो. दिवा लावायचा नाही, खेळायचं नाही, बोलायचं नाही. पावसात पिल्लू अंगणात उतरत नाही, तेव्हा पडवीच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र पुरतं. लसी पूर्ण होईपर्यंत भटके कुत्रे फिरतात त्या जागी त्याला न उतरवलेलंच बरं.

दिवसाकडेही बघायला हवं. एवढं पिल्लू दिवसरात्र मिळून अठरा-वीस तास झोपतं. पाहुण्यांनी सारखं उचललं, मुलांनी जागं ठेवलं, तर रात्री दमून झोपेल हा हिशेब उलटा पडतो. अति थकलेलं पिल्लू चावरं आणि बेचैन होतं, तान्ह्या बाळासारखंच. आणि पोटात जंत असले तरी झोप लागत नाही. खाणं सोडलं, उलट्या झाल्या, जुलाबात रक्त दिसलं, तर माझ्यासारखीचं काही ऐकू नका, तडक पशुवैद्याकडे जा.

पहिल्या रात्री बोंडू दहा मिनिटं कुरकुरला. तिसऱ्या रात्री वडिलांनी गजराआधीच डोळे उघडले, तर दोघं झोपलेले. मग दर दोन-तीन रात्रींनी खोका वीतभर दाराकडे सरकवायचा, असं ठरलं. कुरकुर वाढली तर एक वीत मागे. मुलाने फरशीवर खडूने खुणा केल्या, प्रत्येक खुणेपुढे तारीख लिहिली. वडिलांची गादीही त्याच खुणांनी सरकत गेली, हे त्याचं त्यानेच ठरवलं. शाळेची तक्रार थांबली. आजीबद्दल तो आता घरात बोलतो.

तीन आठवड्यांनी तिघं आले, तेव्हा खोका दाराच्या चौकटीत पोचला होता. "पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजेपर्यंत झोपतो," मुलगा मला म्हणाला. कोण, ते मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात वडिलांचा फोन आला. चतुर्थीला वाड्यावर फटाके वाजतील, बोंडूचं काय करू? म्हटलं, चार दिवस आधीच खोका आतल्या खोलीत घ्या, खिडकी लावा, पंखा मोठा ठेवा. आणि आवाज सुरू झाला की कोणीतरी शेजारी बसा.

"दोघांच्या?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "दोघांच्या."